पाणी पिणारी बॅटरी अजून का विकली जाते?

जूनच्या पहिल्या पावसात लाईट गेली आणि शेजारच्या काकूंचा इन्व्हर्टर चार मिनिटं चालून जो बोंबलायला लागला तो थांबेचना. काकूंचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्याने फोनवरच निकाल लावला, "आई ती जुनाट बॅटरी देऊन टाक भंगारात, लिथियमची घे, आता कोण पाण्याची बॅटरी वापरतं." काकूंनी फोन सरळ माझ्या हातात दिला, कारण आमच्या गल्लीत वायरिंग आणि इन्व्हर्टरची कामं मीच करतो. मग तो मला म्हणाला, दादा तुम्हीच सांगा, मोबाईलला लिथियम, लॅपटॉपला लिथियम, माझ्या स्कूटरला पण लिथियम, मग घरात हा साठ किलोचा डबा अजून का विकताय तुम्ही लोकं, कमिशन जास्त सुटतं का?

कमिशनचं सोडा, पण प्रश्न रास्त आहे. ही पाण्याची बॅटरी, म्हणजे शिसं आणि ॲसिडवाली, १८५९ ची आहे, म्हणजे सत्तावनच्या बंडानंतर दोनच वर्षांनी निघालेली वस्तू. तेव्हाचं बाकी काय आपण रोज वापरतो? टेलिग्राम गेला, कोळशाचं इंजिन गेलं, कंदील माळ्यावर गेला. आणि ही मात्र आजही जवळपास प्रत्येक गाडीत, प्रत्येक इन्व्हर्टरखाली बसलेली आहे. फोनवर हे सगळं सांगत बसलो असतो तर काकूंचा बॅलन्स संपला असता, म्हणून आता निवांत सांगतो.

आधी काकूंच्याच बॅटरीत डोकावू. वर सहा झाकणं असतात, म्हणजे आत सहा वेगवेगळ्या खोल्या, ज्याला आम्ही सेल म्हणतो, प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, सहा मिळून साडेबारा-पावणेतेरा, त्यालाच बोलताना १२ व्होल्टची बॅटरी म्हणायचं. प्रत्येक खोलीत शिशाच्या प्लेटा उभ्या असतात, एक आड एक. मायनसच्या प्लेटा साध्या शिशाच्या, करड्या रंगाच्या, आणि प्लसच्या प्लेटा शिशाच्या ऑक्साईडच्या, चॉकलेटी. मधे जाळीसारखा पातळ पडदा म्हणजे दोघी एकमेकींना चिकटू नयेत, आणि हे सगळं बुडालेलं पातळ गंधकाच्या ॲसिडमध्ये.

आता पंखा लावला की काय होतं, तर ॲसिडमधलं सल्फेट दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर जाऊन बसतं. दोन्हींचं हळूहळू लेड सल्फेट व्हायला लागतं आणि ॲसिडमध्ये मागे उरतं ते पाणी. म्हणजे बॅटरी उतरते तेव्हा ॲसिड अक्षरशः पातळ होत जातं, आमटीत पाणी वाढवावं तसं, आणि चार्जिंगला लावली की उलटा खेळ, सल्फेट प्लेटा सोडून परत ॲसिडमध्ये येतं आणि ते पुन्हा दाट होतं. बास, एवढीच गंमत आहे. दोन्ही प्लेटा शिशाच्याच, दोन्हींवर बसणारा पदार्थ एकच, आणि तो पाण्यात फारसा विरघळत नसल्यामुळे जिथे तयार झाला तिथेच राहतो, चार्ज करताना शोधायला जावं लागत नाही.

याचा एक फायदा असा की ही बॅटरी बोलते. हायड्रोमीटर म्हणून एक काचेची नळी येते, वर रबराचा फुगा आणि आत एक तरंगणारी कांडी. फुगा दाबून सेलमधलं पाणी ओढायचं आणि कांडी किती तरंगते ते बघायचं. फुल चार्ज असेल तर आकडा १.२५० ते १.२८० च्या दरम्यान, पार उतरली असेल तर १.१२० च्या आसपास, याला ग्रॅव्हिटी बघणं म्हणतात, म्हणजे आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते. काकूंच्या बॅटरीत पाच सेल ११५० ते ११६० दाखवत होते (आम्ही पॉइंट बोलत नाही, थेट साडेअकराशे म्हणतो) आणि बायकोसोबत भांडण झाल्यासारखा एक सेल अगदी गप्प, कांडी तळाला. म्हणजे एक सेल गेला. आता सांगा, मोबाईलची बॅटरी फुगली की तुम्ही तिला कुठून काय विचारणार? दोनशे रुपयाच्या नळीने आतल्या रसायनाची तब्येत गल्लीतल्या माणसाला कळते, हे जुन्या तंत्रज्ञानाचं सामर्थ्य आपण मोजतच नाही.

ही वस्तू काढली फ्रान्सच्या गास्तों प्लांते नावाच्या माणसाने. शिशाचे दोन पत्रे, मधे पट्ट्या घालून वेगळे ठेवलेले, त्यांची सुरळी केली आणि ॲसिडच्या बरणीत बुडवली. परत परत चार्ज होणारी पहिली बॅटरी ही. मजा म्हणजे तेव्हा ती चार्ज करायला धड जनरेटरच नव्हते, दुसऱ्या एकदाच वापरायच्या बॅटऱ्या लावून ही चार्ज करावी लागायची, त्यामुळे वीस एक वर्षं ती प्रयोगशाळेतलं कौतुक म्हणूनच राहिली. मग १८८१ मध्ये कामिय फोर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साईडची पेस्ट थापायची युक्ती काढली, त्याने तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त करंट साठायला लागला आणि कारखान्यात ढिगाने बनवणं सोपं झालं. आजही प्लेट म्हणजे शिशाची जाळी आणि तिच्यात भरलेली पेस्टच.

आणि खरं नशीब उघडलं ते १९१२ ला. त्याआधी गाडी चालू करायची म्हणजे पुढे लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचं, ज्यांनी जुन्या जीप नाहीतर ट्रक बघितलेत त्यांना माहिती असेल, हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच. चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅक गाडीला इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला आणि त्याला ताकद द्यायला ही शिशाची बॅटरी. तेव्हापासून गाडी आणि ही बॅटरी यांचं लग्न लागलेलं आहे.

अजून एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला वाचून खोटी वाटली होती. शिशाचा अणू इतका जड आहे की त्याच्या मधल्या भागाजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पळतात, त्यामुळे आइनस्टाइनची सापेक्षता तिथे लागू पडते. २०११ मध्ये स्वीडन आणि फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर हिशोब करून दाखवलं की एका सेलच्या २.१ व्होल्टपैकी जवळजवळ १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ या सापेक्षतेमुळे मिळतात. कथील हे शिशाच्याच घराण्यातलं, बरंचसं तसंच वागणारं, पण हलकं, म्हणून कथिलाची अशी बॅटरी होत नाही. म्हणजे रोज सकाळी सेल्फ मारता तेव्हा आइनस्टाइनच धक्का मारतोय असं म्हणायला हरकत नाही.

बरं, आता मुलाच्या मुख्य मुद्द्याकडे. वजन. इथे लिथियमने शिशाला धोबीपछाड दिलेला आहे, वादच नाही. शिशाच्या बॅटरीत एका किलोमागे ३० ते ४० वॉट-तास साठतात, इन्व्हर्टरला येते ती लिथियम फॉस्फेटवाली घेतली तर शंभर-दीडशेपर्यंत, मोबाईलची तर दोनशेच्या वर. म्हणूनच शिशाच्या बॅटरीचा मोबाईल करायचा म्हटला तर तो खिशात नाही, हातगाडीवर न्यावा लागेल. पण काकूंची बॅटरी जिन्याखाली ठेवलेली आहे, सहा वर्षांत ती फक्त फरशी पुसायला दोनदा हलली. जी वस्तू बसूनच राहणार तिचं वजन किती याने काय फरक पडतो? गाद्यांचं कपाट कोणी वजन बघून घेतं का?

उलट काही ठिकाणी वजन हवंच असतं. एमआयडीसीतल्या बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट बघा, पुढे टनभर माल उचलला की गाडी तोंडावर पडू नये म्हणून मागे वजन लागतंच, मग लोखंड भरण्यापेक्षा शिशाची बॅटरी भरली की दोन्ही कामं झाली. आणि सगळ्यात भारी उदाहरण मुंबईतलंच आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस कलवरी पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, तिच्या पोटात ३६० बॅटरी सेल आहेत आणि एकेक सेल ७५० किलोचा, शिशाचाच. गुणाकार करा, २७० टन बॅटरी. पाण्याखाली इंजिन चालवता येत नाही, हवा कुठून आणणार, मग बॅटरीवरच चालायचं. पाणबुडीला खाली जायला आणि सरळ राहायला तळाशी वजन लागतंच, त्यामुळे शिशाचं ओझं तिथे फुकट जात नाही. लिथियमवर चालणारी पहिली मोठी लष्करी पाणबुडी जपानची ओर्यू, ती आली मार्च २०२० मध्ये. म्हणजे ज्यांना पैशाची अडचण नाही आणि चूक झाली तर माणसं बुडतात, असे लोकसुद्धा इतकी वर्षं याच जुन्या बॅटरीवर बसले होते, आणि बरेच जण अजून बसलेत.

आता गाडीच्या बॅटरीचं काम इन्व्हर्टरपेक्षा एकदम वेगळं आहे आणि इथे लोकं फसतात म्हणून जरा थांबतो. सेल्फ मारताना कारच्या बॅटरीला दीडशे-दोनशे अँपिअर, डिझेल असेल तर अजून जास्त, एवढा करंट एकदम सोडावा लागतो, पण फक्त सेकंद दोन सेकंद. मग इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा जनरेटर, परत भरून देतो. त्यासाठी आत पातळ पातळ पण भरपूर प्लेटा असतात, म्हणजे ॲसिडला एकाच वेळी खूप पृष्ठभाग मिळतो. शंभर मीटर पळणारा गडी. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे पायी वारी करणारा, आत जाड नळ्यांमध्ये भरलेला मसाला, म्हणजे तीच शिशाच्या ऑक्साईडची पेस्ट, एकदम फार देणार नाही पण तासन्‌तास देत राहील. कोणीतरी दरवर्षी मला विचारतोच, घरात गाडीची जुनी बॅटरी पडून आहे ती इन्व्हर्टरला लावू का. लावा, पंखा फिरेल, पण चार-सहा महिन्यांत पातळ प्लेटांचा मसाला गळून तळाला चिखल साठेल आणि मग परत मलाच फोन.

त्या मुलाने अजून एक हिशोब टाकला होता. बॅटरी १५० एएच म्हणजे अँपिअर-तास, १२ व्होल्ट, गुणाकार १८०० वॉट-तास, मग फ्रिज टीव्ही सगळं मिळून ६०० वॉट लावलं तर तीन तास चालायला पाहिजे ना, आधीपासूनच दोन तासपण चालत नव्हतं, म्हणजे कंपनी फसवते. कंपनी फसवत नाही, डब्यावरचा आकडा वीस तासात हळूहळू उतरवली तर मिळणारा असतो (काही बॅटऱ्यांवर दहा तासाचा लिहिलेला असतो, घेताना तेवढं वाचा). घाईने काढायला गेलं की प्लेटांच्या आतल्या भागापर्यंत ॲसिड पोचायलाच वेळ मिळत नाही, वरवरचं संपतं आणि बॅटरी उतरली असं वाटतं. हे १८९७ मध्ये पॉइकर्ट नावाच्या जर्मन माणसाने सूत्रात बसवून ठेवलंय. दोन पंखे आणि चार दिवे एवढ्यावर हीच बॅटरी रात्र काढते, फ्रिज लावला की दोन तासांच्या आत मान टाकते. लिथियममध्ये हा प्रकार फारच कमी आहे, हे त्याच्या बाजूने मान्य करतो, जिथे थोड्या वेळात जास्त ताकद रोज लागते तिथे शिसं उगाच खर्चिक पडतं.

पण शिशाची बॅटरी सहनशील किती आहे बघा. समजा चार्जर जरा जास्तच चार्ज करतोय. लिथियमला हे अजिबात चालत नाही, व्होल्टेज जरा वर गेलं की आतलं रसायन बिघडायला लागतं, म्हणून प्रत्येक लिथियम पॅकमध्ये बीएमएस नावाचं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं जे प्रत्येक सेलवर सासूसारखी नजर ठेवतं, आणि ते कार्ड गेलं की सेल चांगले असून पॅक बंद. शिशाच्या बॅटरीत जास्तीचा करंट आला तर तो काय करतो, तर पाण्याचं विघटन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बुडबुडे निघून जातात. म्हणजे पाणी कमी होतं, एवढंच. तुम्ही चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर टाकता ते याचंच. आणि याच सवयीमुळे सहा सेल आपोआप एका पातळीवर येतात, जो आधी भरला तो बुडबुडे काढत बसतो, मागे राहिलेला भरत राहतो, कुठलं कार्ड लागत नाही. पाणी पिणं हा लोकांना दोष वाटतो, तोच खरं तर तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. (हायड्रोजन हवेत चार टक्क्यांच्या वर साठला तर ठिणगीने भडका उडतो, म्हणून ही बॅटरी बंद कपाटात नाहीतर देवघराखाली ठेवू नका, मी दोन्ही बघितलंय.)

याउलट शिशाला काय चालत नाही, तर उपाशी ठेवणं. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरचं मऊ सल्फेट हळूहळू कडक खडे होऊन बसतं आणि मग ते चार्जिंगने सुटत नाही. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये २०२० ला बिल्डिंगच्या खाली उभ्या असलेल्या निम्म्या गाड्या याच कारणाने चालू झाल्या नव्हत्या आठवतंय का, घड्याळ, अलार्म, रिमोट असं थोडं थोडं पिऊन गाडीने दोन महिन्यांत बॅटरी चोखून टाकली आणि ती तशीच पडून राहिली. काकूंचं तेच झालं. मुलीच्या बाळंतपणाला तीन महिने नागपूरला गेल्या, जाताना "कशाला उगाच लाईट बिल" म्हणून इन्व्हर्टरचा प्लग काढून गेल्या, त्याच्या आदल्या रात्री लाईट नव्हती म्हणजे बॅटरी उतरलेलीच होती. सहा वर्षं ओढली, तशी म्हातारी होतीच, पण शेवटचा घाव त्या प्लगने घातला. आणि दुसरा शत्रू ऊन. पंचवीस डिग्रीच्या वर साधारण दर आठ-दहा डिग्रीला आयुष्य निम्मं होतं असा अंदाज धरतात, त्यामुळे चंद्रपूर-अकोल्याला पश्चिमेच्या गॅलरीत पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी आणि महाबळेश्वरला आतल्या खोलीत ठेवलेली बॅटरी एकाच दिवशी घेतली तरी एकत्र म्हाताऱ्या होत नाहीत. थंडीचं उलट आहे, शून्याच्या खाली लिथियम चार्ज करायला गेलं तर आत धातूचा थर साचून ती कायमची बिघडू शकते, शिसं मंदावतं पण चार्ज घेतं, लडाखमधल्या ट्रकला हे महत्त्वाचं, आपल्याला नाही.

आता गंमत ऐका. ज्यांना वाटतं इलेक्ट्रिक गाडी आली की शिशाचा विषय संपला, त्यांनी नेक्सॉन ईव्हीचं बॉनेट उघडून बघावं. खाली एवढा मोठा लिथियम पॅक असून वर एका कोपऱ्यात नेहमीची १२ व्होल्टची शिशाची बॅटरी बसलेली. कारण तीनशे-चारशे व्होल्टचा पॅक कायम जोडून ठेवणं धोक्याचं, म्हणून गाडी बंद असताना तो कॉन्टॅक्टरने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचने, तोडलेला असतो. तो कॉन्टॅक्टर जोडायला, दाराचं लॉक उघडायला, कॉम्प्युटर जागा करायला आधी १२ व्होल्ट कुठून तरी यायला लागतात. म्हणून ही छोटी बॅटरी उतरली की पॅक ऐंशी टक्के भरलेला असून पण गाडी ढिम्म हलत नाही, मग बाजूच्या पेट्रोल गाडीला चिमटे लावून चालू करायची. टेस्लाने २०२१ पासून तिथेपण लिथियम घालायला सुरुवात केली, बाकीचेही जातील, पण दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्या जगाचं सामान १२ व्होल्टवर ठरलेलं आहे आणि तिथे स्वस्त आणि सरळ वस्तू म्हणून हीच चालते.

पण माझ्या मते ही बॅटरी टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण बॅटरीच्या आत नाहीच, ते भंगाराच्या दुकानात आहे. तुम्ही नवीन घ्यायला जाता तेव्हा दुकानदार पहिला प्रश्न काय विचारतो? जुनी आहे का. जुनीचे हजारो रुपये वजा होतात, बाकी कुठली मेलेली वस्तू असे पैसे देते सांगा, बंद पडलेला टीव्ही न्यायला उलट आपण हमाली देतो. कारण आत साठ टक्क्यांच्या वर वजन शिशाचं आणि शिसं वितळतं ३२७ डिग्रीला, म्हणजे धातूंच्या हिशोबात अगदी मेणासारखं. वितळवा, साफ करा, परत नवीन प्लेट, आणि हे कितीही वेळा केलं तरी शिसं शिसंच राहतं. आज जगात जेवढं शिसं वापरलं जातं त्यातलं पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास बॅटरीतच जातं आणि अमेरिकेत जुन्या शिशाच्या बॅटऱ्यांपैकी ९९ टक्के परत गोळा होतात. प्लॅस्टिकची बाटली नाही, कागद नाही, काच नाही, या बाबतीत नंबर एक ही. लिथियमचा पॅक फोडून त्यातलं काय काय वेगळं काढणं हे अजून महागडं आणि कटकटीचं काम आहे, आणि मेलेल्या लिथियम पॅकला गल्लीतला भंगारवाला हात लावत नाही.

शिवाय शिसं आपल्याकडे राजस्थानच्या खाणीत निघतं, बॅटऱ्या चिंचवडला, तळोज्याला, नगरला बनतात. लिथियमचे सेल अजून मुख्यतः चीनहून येतात. जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियमच्या साठ्याचा अंदाज २०२३ मध्ये जाहीर झाला होता, पण जमिनीतला अंदाज आणि दुकानातला सेल यात फार वर्षं असतात.

आता याच भंगाराची दुसरी बाजू, आणि ही मी गुळगुळीत करून सांगणार नाही. शिसं विष आहे. लहान मुलांच्या मेंदूला त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही. नीट कारखान्यात, धूर गाळून, ॲसिड निकामी करून हे काम होतं तेव्हा ठीक, पण गावाबाहेर खड्डा करून, कोयत्याने बॅटरी फोडून, ॲसिड ओढ्यात ओतून, कोळशाच्या भट्टीत शिसं वितळवणारेही आहेत आणि ते दोन रुपये जास्त भाव देतात कारण त्यांचा खर्चच नाही. सेनेगलमध्ये डाकार शहराच्या कडेला एका वस्तीत असंच काम चालायचं, २००७-०८ च्या सुमारास तिथे थोड्या महिन्यांत अठरा लहान मुलं दगावली, नंतर तपासलं तर मातीत आणि जिवंत असलेल्या भावंडांच्या रक्तात शिसंच शिसं. आपल्याकडे २००१ पासून नियम आहेत की दुकानदाराने जुनी बॅटरी परत घ्यायची आणि अधिकृत ठिकाणीच पाठवायची, २०२२ च्या नवीन नियमात ही जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर अजून घट्ट टाकली आणि लिथियमलाही त्यात घेतलं. पण दारावर येणाऱ्या टेम्पोवाल्याला कोणी नियम विचारत नाही. तेवढ्यासाठी मी गिऱ्हाइकाला सांगतो की जुनी बॅटरी नवीनच्या बदल्यातच द्या, दोनशे रुपये कमी आले तरी चालतील, दारावर विकू नका. ऐकतात अर्धे.

आणि जिथे शिसं हरतंय तिथे ते हरणारच. ई-रिक्षा घ्या, स्वस्त पडते म्हणून चार शिशाच्या बॅटऱ्या टाकून ४८ व्होल्ट करतात, रोज पूर्ण उतरते, रात्री आठ-दहा तास चार्जिंग, वर्ष-सव्वा वर्षात बॅटरी संपली की ड्रायव्हरच्या डोक्यावर नवीन हप्ता. तिथे लिथियम महाग असून शेवटी स्वस्त, आणि लोकं जातायतही तिकडे. सोलरवर रोज चार्ज आणि रोज डिस्चार्ज असेल तरी तेच. साधा हिशोब असा, शिशाची बॅटरी खोलवर उतरवली तर काहीशे वेळा, चांगली ट्युब्युलर निम्म्यापर्यंतच वापरली तर हजार-बाराशे वेळा चालते, लिथियम फॉस्फेट दोन-तीन हजारांच्या पुढे. शिवाय शंभर युनिट आत घातले तर शिसं सत्तर-ऐंशीच परत देतं, लिथियम पंच्याण्णव.

पण काकूंकडे लाईट आठवड्यातून दोनदा जाते, तास दीड तास. वर्षाला शंभर वेळा. म्हणजे हजार वेळा वापरायला दहा वर्षं लागतील आणि तेवढ्यात शिशाची बॅटरी वापराने नाही तर वयाने जाईल, पाच-सहा वर्षांत. मग दोन-अडीच पट पैसे देऊन तीन हजार वेळा चालणारी घेऊन त्यातले हजारच वापरायचे, म्हणजे नातवाच्या लग्नात वापरायला आत्ता पत्रावळ्या आणून ठेवण्यासारखं. ज्याला कोपऱ्यात बसून वाट बघायचीय त्याला शिसं, ज्याला रोज राबायचंय त्याला लिथियम, मी तरी असाच सल्ला देतो. मुलाला हेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की तुझ्या पुण्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला, जिथे गॅलरीत वॉशिंग मशीनच मावत नाही आणि पाणी बघायला कोणाला वेळ नाही, तिथे तू खुशाल लिथियम लाव. तो म्हणाला ठीक आहे, पण आवाजावरून कमिशनचा संशय काही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवीन ट्युब्युलर आली. जुनी दोघांनी धरून जिन्याखालून ओढली तर फरशीवर चौकोनी डाग, टर्मिनलवर पांढरट-हिरवा फुलोरा. तो गरम पाण्याने धुतला, थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाच्या कड्या घासल्या, नवीन नट आवळून वर व्हॅसलिन चोपडलं. काकू खुर्ची टाकून बघत होत्या. "अरे तुझ्या पँटला ही बारीक भोकं कसली रे, उंदरं झालीत का घरी?" म्हटलं काकू उंदरं नाहीत, ॲसिडचे शिंतोडे आहेत, धुतल्यावर दिसतात, माझ्या कामाच्या सगळ्या पँटी अशाच आहेत. त्यांनी कालनिर्णय काढलं, जिथे गॅस सिलेंडर आला ती तारीख लिहितात तिथून चार पानं पुढे जाऊन पेनने "बॅटरी पाणी" लिहिलं आणि मला म्हणाल्या, "मी परत नागपूरला गेले तर प्लग काढायचा नाही ना? हे त्याच्या खाली लिहू का?"